करंजचा कप्तान आणि भागीरथीकाठची शाळा



आपल्या माळव्यातून समुद्र फार लांब आहे. इंदूरच्या मुलाला पाणी म्हणजे सिरपूरचा तलाव, यशवंत सागर आणि नळातून येणारी नर्मदामाई. महू शेजारीच असल्यामुळे लष्कराचे जवान आपण रोज पाहतो. नौदलाचा पांढरा गणवेश मात्र आपल्या मुलांनी बहुधा २६ जानेवारीच्या संचलनातच पाहिलेला असतो. म्हणून या अंकाच्या पाठासाठी आम्ही मुद्दाम एक नौदल अधिकारी निवडला आहे. त्यांचे नाव कॅप्टन मोहन नारायणराव सामंत, महावीरचक्र. ते पाणबुडीचे कप्तान होते. पुढे नौदलाच्या गुप्तवार्ता विभागातील एका अत्यंत गुप्त मोहिमेचे ते प्रमुख झाले. आडनाव आपलेच, तरी आपल्यातल्या फार थोड्या घरांत ते माहीत आहे. ते का माहीत नाही, हाच या पाठाचा खरा विषय आहे.

आधी थोडे शब्दांविषयी

आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून शिकलो. तेव्हा 'जासूस' म्हटले की काळा चष्मा, लांब कोट आणि हातात पिस्तूल असलेला माणूस डोळ्यांपुढे येई. मराठीतला 'हेर' हा शब्द आम्हाला जास्त आवडतो. हेरणे म्हणजे बारकाईने पाहणे, नेमके ओळखणे. माणूस हेरावा, वेळ हेरावी, संधी हेरावी असे आपण घरातही बोलतो. म्हणजे या कामात पिस्तुलापेक्षा डोळा आणि कान यांना अधिक मोल आहे.

शिवछत्रपतींच्या हेरखात्याचे प्रमुख म्हणून बहिर्जी नाईक यांचे नाव घेतले जाते. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव मुंबईतील नौदलाच्या 'आय.एन.एस. आंग्रे' या तळाला दिलेले आहे. हेरगिरी आणि आरमार या दोन्ही परंपरा आपल्याकडे जुन्या आहेत. सामंतांच्या कामात त्या एकत्र आल्या.

आजची रचनाही थोडक्यात समजून घ्यावी. देशांतर्गत गुप्तवार्तेसाठी इंटेलिजन्स ब्यूरो आहे. परदेशासंबंधीच्या कामासाठी १९६८ मध्ये 'रॉ' ही संस्था निघाली. कारगिल युद्धानंतर २००२ मध्ये तिन्ही सेनादलांच्या माहितीचा मेळ घालण्यासाठी संरक्षण गुप्तवार्ता संस्था स्थापन झाली. याशिवाय भूदल, नौदल आणि वायुदल यांचे स्वतःचे गुप्तवार्ता विभाग आहेतच. आपली गोष्ट घडली ती नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात, १९७१ साली.

पाणबुडीवरचा अधिकारी

भारताची पहिली पाणबुडी 'कलवरी' डिसेंबर १९६७ मध्ये नौदलात आली. सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या या पाणबुड्यांपैकी 'करंज' ४ सप्टेंबर १९६९ रोजी नौदलात दाखल झाली आणि तिचे पहिले कप्तान सामंत होते. मुंबईच्या दक्षिणेला, उरणजवळ असलेल्या करंजा बेटावरून हे नाव आले आहे.

पाणबुडीचे जीवन कसे असते? पाण्याखाली गेल्यावर ना सूर्य दिसतो, ना घरची खबर मिळते. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून आवाज जपावा लागतो. एकाने झडप नीट बंद केली नाही तर सगळ्यांच्या जिवावर बेततो. तिथे प्रत्येकाने आपले काम चोख करायचे आणि शेजारचाही ते चोख करीत आहे यावर विश्वास ठेवायचा. जो माणूस या शाळेत शिकला त्याला गुप्त मोहिमेची शिस्त नव्याने शिकवावी लागत नाही, असे आम्हाला वाटते.

१९७१ : नद्यांचा देश

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, आपल्याच नागरिकांवर शस्त्र उचलले. पुढच्या काही महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले.

आता नकाशा काढा. पश्चिम पाकिस्तान आणि पूर्व पाकिस्तान यांच्या मध्ये संपूर्ण भारत होता. जानेवारी १९७१ च्या अखेरीस 'गंगा' नावाचे भारतीय विमान पळवून लाहोरला नेण्यात आले आणि तिथे जाळण्यात आले. तेव्हापासून भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली होती. त्यामुळे जड युद्धसाहित्य कराचीहून जहाजाने, भारताच्या दक्षिणेला असलेल्या सिलोनला वळसा घालून चितगाव आणि मोंगला बंदरात न्यावे लागे. तिथून पुढे नद्याच नद्या. रस्ते आणि पूल कमी, म्हणून धान्य, इंधन, दारूगोळा, सारे बोटींतून जाई. पूर्वेकडील पाकिस्तानी सैन्याचा श्वास या पाण्यातून चालत होता.

भूगोलाच्या तासाला 'हे कशाला पाठ करायचे?' असे विचारणाऱ्या मुलांनी इथे थोडे थांबावे. ज्याने हा नकाशा नीट वाचला त्याला कळले की शत्रूच्या छावणीवर तोफ डागण्यापेक्षा त्याच्या जहाजाच्या तळाला भोक पाडणे अधिक परिणामकारक आहे.

आठ खलाशी

मार्च १९७१ च्या अखेरीस फ्रान्समधील तूलाँ बंदरात पाकिस्तानची 'मांग्रो' नावाची नवी पाणबुडी निघण्याच्या तयारीत होती. तिच्यावरील काही बंगाली खलाश्यांनी आपल्या देशात काय चालले आहे ते रेडिओवर ऐकले आणि पाणबुडी सोडून पळ काढला. त्यांच्यापैकी आठ जण स्पेनमधील भारतीय वकिलातीच्या मदतीने भारतात पोचले.

या आठ जणांचे काय करावे? निर्वासित म्हणून छावणीत ठेवावे की हेर म्हणून संशयाने पाहावे? नौदलप्रमुख होते ॲडमिरल एस. एम. नंदा. गुप्तवार्ता विभागाचे संचालक होते कॅप्टन मिहिर रॉय. त्यांच्या हाताखाली एक छोटा, गुप्त विभाग उभा राहिला आणि त्याची सूत्रे कमांडर सामंत यांच्याकडे आली. त्याचे नाव नौदल कमांडो मोहीम, आणि पुढे फक्त एक अक्षर, 'एक्स'. पाणबुडीतून आलेल्या माणसांची पारख करायला पाणबुडीवरचाच अधिकारी मिळाला, हा योग मोठा होता. त्या आठ जणांतूनच पुढच्या दलाचे नेते तयार झाले.

प्लासीची शाळा

प्रशिक्षणासाठी जागा निवडली ती पश्चिम बंगालमध्ये भागीरथीच्या काठी, प्लासी येथे. हे नाव तुम्ही इतिहासात वाचले आहे. २३ जून १७५७ रोजी इथेच क्लाइव्हने सिराजउद्दौलाचा पराभव केला आणि इंग्रजांच्या राज्याचा पाया घातला गेला. त्याच नदीकाठी १९७१ च्या उन्हाळ्यात एक निनावी शाळा सुरू झाली. तिचे सांकेतिक नाव 'सी टू पी' होते.

विद्यार्थी कोण? निर्वासितांच्या आणि मुक्तिवाहिनीच्या छावण्यांतून निवडलेले तरुण. कोणी कॉलेजात शिकणारे, कोणी शेतकऱ्याची मुले. बहुतेकांनी बंदूक कधी हातात धरली नव्हती. पण एक गोष्ट त्यांना येत होती. नदीकाठच्या गावात जन्मल्यामुळे ते लहानपणापासून पोहत होते. कोणत्याही शाळेने त्यांना त्याचे गुण दिले नव्हते, कोणत्याही प्रमाणपत्रावर ते लिहिलेले नव्हते. परीक्षेच्या कागदावर नसलेली ही विद्याच आता सगळ्यांत मोलाची ठरली.

लेफ्टनंट कमांडर जॉर्ज मार्टिस यांच्यासारखे नौदलातील पाणबुडे त्यांचे गुरुजी झाले. तासन् तास पोहणे, रात्रीच्या अंधारात पोहणे, प्रवाहाविरुद्ध पोहणे, आवाज न करता पोहणे, आणि पुढे छातीपोटाशी गमछ्याने वजन बांधून पोहणे. हे वजन म्हणजे लिंपेट सुरुंग. लिंपेट हा समुद्रातल्या खडकाला घट्ट चिकटून राहणारा शंखातला जीव आहे. तसाच हा सुरुंग लोहचुंबकाने जहाजाच्या पोलादी तळाला चिकटतो. जहाजाच्या तळावर शेवाळ आणि शिंपले साचलेले असतात, म्हणून आधी चाकूने ते खरवडायचे, मग सुरुंग लावायचा आणि गुपचूप परत फिरायचे.

सुरुंगात पाण्यात विरघळणारी एक गोळी असे. ती विरघळली की ठरावीक वेळाने स्फोट व्हायचा. पण पोहत जातानाच ती विरघळली तर पोहणाराच मरेल. म्हणून तिच्यावर पातळ रबरी आवरण चढवायचे आणि जहाजाजवळ गेल्यावर ते काढायचे. उपाय अगदी साधा. पण त्यासाठी कोणीतरी आधी बसून, 'मुलगा पाण्यात उतरल्यापासून परत येईपर्यंत काय काय होईल?' याचा मिनिटामिनिटाने विचार केला होता. आपल्या जिवाची काळजी घेणारा अधिकारी दिल्लीत बसून कागदावर काय करतो, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर हे आहे.

या शाळेतून चारशेहून अधिक तरुण तयार झाले.

आकाशवाणीवरची दोन गाणी

पहिल्या मोठ्या हल्ल्याची योजना चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांवर एकाच रात्री करण्याची होती. दीडशेहून अधिक मुले वेगवेगळ्या वाटांनी, बहुतेक पायी आणि होडीने, शत्रूच्या मुलखात शिरली. आज हातात मोबाईल असणाऱ्या मुलांना हे कोडेच वाटेल, की शेकडो किलोमीटरवर पसरलेल्या चार तुकड्यांना एकाच वेळी 'आता' असे कळवायचे कसे? वायरलेस वापरला तर शत्रू ऐकेल.

उत्तर आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्राने दिले. तुकडीच्या प्रमुखाजवळ एक साधा ट्रान्झिस्टर दिला होता. दोन बंगाली गाणी ठरली होती. एक रवींद्रसंगीत, दुसरे बाहुलीच्या सासरी पाठवणीचे. पहिले वाजले की तयार राहायचे, दुसरे वाजले की पुढच्या रात्री पाण्यात उतरायचे. अर्थ फक्त तुकडीच्या प्रमुखाला माहीत. त्या दिवशी हजारो घरांत ती गाणी ऐकली गेली असतील, स्वयंपाक करता करता कोणी गुणगुणलेही असेल, पण त्यातला हुकूम कोणाला कळला नाही.

१५ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे १६ ऑगस्ट १९७१ च्या पहाटेपूर्वी, चारही बंदरांत स्फोट झाले. चितगावला मुलांनी कर्णफुली नदी पोहून ओलांडली आणि 'अल अब्बास' आणि 'होर्मुझ' ही युद्धसाहित्याने भरलेली जहाजे बुडवली. बांगलादेशात ही मोहीम 'ऑपरेशन जॅकपॉट' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यानंतरही डिसेंबरपर्यंत असे हल्ले होत राहिले. बुडालेल्या आणि निकामी झालेल्या जहाजांचा एकूण टनभार सुमारे १ लाखापर्यंत जातो. बंदरे आणि घाट यांच्या पहाऱ्यासाठी शत्रूला सैन्य गुंतवावे लागले आणि परदेशी जहाजांनाही तिकडे जाण्याची भीती वाटू लागली. भारताचे पाकिस्तानशी उघड युद्ध सुरू झाले ३ डिसेंबरला. त्याच्या साडेतीन महिने आधीच शत्रूचे पाणी अर्धे बंद झाले होते.

डिसेंबर : विजय आणि दुःख

युद्ध सुरू झाल्यावर सामंत स्वतः पाण्यात उतरले. 'पनवेल' नावाची नौदलाची छोटी गस्तीनौका, कलकत्ता बंदराच्या दोन बोटींवर तोफा बसवून केलेल्या 'पद्मा' आणि 'पलाश', आणि सीमा सुरक्षा दलाची 'चित्रांगदा', असा चार नावांचा ताफा त्यांच्या हाताखाली होता. 'पद्मा' आणि 'पलाश'वर मुक्तिवाहिनीचे खलाशी होते. 'पनवेल'चे कप्तान होते लेफ्टनंट कमांडर जोसेफ नरोन्हा. रायगड जिल्ह्यातल्या पनवेलचे नाव घेऊन ही नौका सुंदरबनच्या खाड्यांतून, अनोळखी वाटेने मोंगला बंदरात घुसली आणि शत्रूची भंबेरी उडाली. १० डिसेंबरला ताफा आणखी आत खुलन्याकडे निघाला.

तिथे जे घडले ते लपवून ठेवले तर हा पाठ खोटा होईल. आकाशातून भारतीय वायुदलाची विमाने आली. नावांवर ओळखीची पिवळी खूण होती, तरी वैमानिकांनी त्यांना शत्रूच्या समजून हल्ला केला. 'पद्मा' आणि 'पलाश' दोन्ही बुडाल्या. 'पलाश'च्या इंजिन विभागातील रुहुल अमीन यांनी नाव सोडण्यास नकार दिला आणि ते शहीद झाले. बांगलादेशने त्यांना 'बीरश्रेष्ठ' हा सर्वोच्च सन्मान दिला. हा सन्मान तिथे फक्त सात जणांना मिळाला आहे.

किनाऱ्यावरून शत्रूचा गोळीबार चालू असताना सामंतांनी 'पनवेल' तिथेच ठेवून पाण्यात पडलेल्यांना वर घेतले. ज्या मुलांना आपण पोहायला लावले, ज्यांच्या हाती नाव दिली, त्यांना टाकून जायचे नाही. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा क्षण हा आहे, कारण तिथे विजय नव्हता, फक्त जबाबदारी होती. या कामगिरीसाठी त्यांना आणि नरोन्हांना महावीरचक्र मिळाले. सहा दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली.

मौन

महावीरचक्राच्या मानपत्रात डिसेंबरच्या लढाईचे वर्णन आहे. प्लासीची शाळा, ती गाणी, ऑगस्टची रात्र यांचा त्यात उल्लेख नाही. भारत या कामात होता हे जाहीर करायचे नव्हते. ज्या कामाने युद्धाची दिशा बदलायला मदत केली ते काम सामंतांना अनेक दशके चारचौघांत सांगता आले नाही. पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासोबत त्यांनी लिहिलेले 'ऑपरेशन एक्स' हे इंग्रजी पुस्तक २०१९ मध्ये आले. त्याच वर्षी मार्च महिन्यात त्यांचे निधन झाले.

पालक मंडळींना आम्ही इथे एक प्रश्न विचारू इच्छितो. आपल्या मुलाने केलेले चांगले काम कोणालाच कळले नाही तर आपण त्याला काय सांगू? 'बाळा, फोटो का नाही काढलास?' असे विचारू की पाठीवरून हात फिरवू? आपल्या सभागृहातल्या फलकावर प्रावीण्य मिळवणाऱ्यांची नावे आहेत आणि ती असायलाच हवीत. पण शेजारच्या बाकावरच्या मुलाला रोज गणित समजावणाऱ्या मुलीचे नाव त्यावर नाही. ज्याला मित्राच्या घरची अडचण माहीत आहे आणि जो ती कोणाला सांगत नाही, त्याचेही नाही. अशा मुलांना त्यांच्या कामाची किंमत घरात कळायला हवी. ते फलकाचे काम नाही, आई-बाबांचे आणि आम्हा शिक्षकांचे आहे.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. पोहण्याला आपल्याकडे गुण नाहीत, म्हणून वेळापत्रकात जागा नाही. पण दर पावसाळ्यात पातालपाणी आणि तिंछा धबधब्यांकडच्या दुर्घटनांच्या बातम्या आपण वाचतो आणि त्यात शाळा-कॉलेजची मुले असतात. आपल्या मुलांनी सुरुंग लावायला पोहायचे नाही. बुडणाऱ्या मित्राला पाहून घाबरून न जाता स्वतः वाचावे आणि शक्य तर त्यालाही वाचवावे, एवढ्यासाठी पोहावे. शहरातील एखाद्या तरणतलावाशी बोलणी करून सातवीपासून पुढच्या मुलामुलींसाठी ही सोय व्हावी, असा प्रस्ताव आम्ही पुढील बैठकीत मांडत आहोत.

ज्यांना नौदलात जावेसे वाटते त्यांच्यासाठी

समुद्र दूर आहे म्हणून नौदल दूर नाही. बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा देता येते. ही परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो आणि प्रशिक्षण पुण्याजवळ खडकवासल्याला होते. २०२२ पासून मुलींनाही तिथे प्रवेश मिळू लागला आहे. केरळमधील एझिमला येथे भारतीय नौदल अकादमी आहे. शरीर, गणित आणि भूगोल या तिन्हींकडे आतापासून लक्ष द्यावे.

विचार करा व लिहा

१. नकाशात कराची ते चितगाव हा १९७१ मधील सागरी मार्ग रेखाटा. हवाई मार्ग का बंद होता?

२. लिंपेट सुरुंग जहाजाला कसा चिकटतो? जहाज लाकडी असते तर काय झाले असते?

३. वायरलेसऐवजी रेडिओवरील गाणे निवडण्याचे दोन फायदे आणि एक धोका लिहा.

४. खुलन्याला आपल्याच विमानांकडून चूक झाली. अशी चूक टळावी म्हणून नौदल आणि वायुदल यांनी आधी काय ठरवायला हवे होते? गटात चर्चा करा.

५. तुमच्या घरात किंवा गल्लीत जे काम रोज होते पण ज्याचे नाव कोणी घेत नाही, असे एक काम शोधा. ते करणाऱ्या व्यक्तीशी बोला आणि दहा ओळी लिहा. व्यक्तीची परवानगी असेल तरच नाव लिहावे. नसेल तर नाव गुप्त ठेवणे हाही या पाठाचाच अभ्यास आहे.

उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पाचव्या प्रश्नाची उत्तरे आम्ही स्वतः वाचणार आहोत.

— प्राचार्य